पत्रा आधी, इंजिन मग

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यालगतच्या त्या गॅरेजपुढे एक जुना कडुनिंब आहे. डोकं लावायची सगळी कामं मिस्त्री अकराच्या आत त्या निंबाखाली उरकून घेतो. त्यानंतर उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही. २०२५ च्या मे महिन्यात अशाच एका सकाळी ट्रॅक्टरमागे टोचन करून एक पांढरी मारुती झेन तिथे आली. काचांवर धुळीचा थर, वायपरच्या रबराचा चुरा झालेला, मागच्या सीटवर केळीच्या चिकाचे काळे डाग. हा चीक एकदा कापडाला लागला की कापड फाटेपर्यंत जात नाही, हे केळीपट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. १९९८ चं मॉडेल, एमएच-१९ चं पासिंग, कार्बोरेटरवालं इंजिन, आणि चार वर्षं एकाच जागी उभी. ज्यानं ती विकत घेतली तो पोरगा चाकणला कारखान्यात नोकरी करतो, घरी केळी आहे. वय पंचवीस, म्हणजे गाडी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी.

पोराला वाटलं, मिस्त्री आधी बोनेट उघडेल. त्यानं बोनेटला हातही लावला नाही. शेडमधल्या खणातून त्यानं जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक काढलं, मलमलच्या फडक्यात गुंडाळलं आणि दाराच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. चुंबक पत्र्याला धरून चाललं होतं. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीवर ते सुटून हातात आलं. तिथे पत्रा नव्हता, लांबी भरलेली होती, वर रंग. उजव्या बाजूला पुढच्या दाराखाली आणखी चार बोटं जागा अशीच निघाली. मग त्यानं पुढची मॅट उचलली, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तळाचा पत्रा ठोकत गेला आणि कान देऊन ऐकत राहिला. आवाज टणक येत होता. शेवटी डिकीतलं स्टेपनीचं चाक काढलं. त्याच्या खड्ड्यात पत्रा पापुद्र्यासारखा सुटत होता.

"याच्यात खत वाहेल आहे," मिस्त्री म्हणाला. "पोटॅश."

आधीच्या मालकाचा मळा होताच. पोटॅश म्हणजे क्षारच. पोतं एकदा पाझरलं आणि ओल धरली की तो पत्रा खात बसतो, आणि गालिच्याखाली काय चाललंय ते मालकाला दिसत नाही. पण बाकी सांगाडा शाबूत होता. तासाभरानं मिस्त्रीनं मान हलवली आणि मगच बोनेटचा खटका ओढला.

"गाडी घ्यायला हरकत नव्हती," तो म्हणाला. "पण भाऊ, घ्यायच्या आधी आणायची होती."

जुन्या गाडीच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला मिस्त्री हेच सांगतो: पत्रा आधी, इंजिन मग. इंजिन उघडून परत नवं करता येतं. पिस्टन मिळतात, बेअरिंग मिळतात, हेड घासून मिळतं. झेनसारख्या गाडीला जिप्सीसारखी खाली वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा तो पेटाराच सगळं वजन पेलतो, सस्पेन्शन त्यालाच बोल्ट केलेलं असतं. तो कुजला की गाडी वळणावर एक म्हणते आणि चाकं दुसरं. अशी गाडी रंगवून चकाचक करता येते, पण सरळ करता येत नाही.

इथे खानदेशाच्या हवेचा एक गुण कामाला येतो. समुद्राजवळच्या गाड्या खालून सडत येतात. मुंबईची किंवा रत्नागिरीची वीस वर्षांची गाडी जॅकवर चढवली की जॅकच पत्र्यातून आत जातो, असं मिस्त्रीनं डोळ्यांनी पाहिलंय. जळगाव-धुळ्याची हवा वर्षातले आठ महिने कोरडी. इथला पत्रा तीस वर्षांनीही वाजतो. गेल्या काही वर्षांत पुण्याहून दोघे-तिघे त्याच्याकडे खास एमएच-१९ आणि एमएच-१८ च्या गाड्यांची चौकशी करत आले, ते याच कारणानं. मात्र जी हवा पत्रा राखते तीच रबर खाते. दारांची रबरं, इंजिनचे पाय, बुश, ब्रेकच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, एक्सलवरची बुटं, डॅशबोर्ड, सगळं इथे अवेळी म्हातारं होतं. पंचेचाळीस अंशांत बंद उभ्या गाडीच्या आत हात लावून पाहावा म्हणजे कळतं. म्हणून इथली जुनी गाडी घेताना मिस्त्री हिशेबात एक रक्कम निव्वळ रबराची धरतो. लोकांना ते पटत नाही. रबराचा कुणाला शौक नसतो.

झेनच का, हा प्रश्न पोराच्या घरी रोज निघत होता. दारात मोठी नवी गाडी उभी असताना हे काय आणलंस, असं त्याचे काका विचारत. उत्तर आकड्यांत देता येतं. १९९३ मध्ये आलेल्या झेनचं इंजिन ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं आणि अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं. ताकद पन्नास अश्वशक्ती, आजच्या मानानं काहीच नाही. पण गाडीचं वजन साधारण साडेसातशे किलो. घरच्या मोठ्या गाडीत चार माणसं आणि सामान भरलं की जेवढं होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. पुन्हा ती बुटकी. बसलं की रस्ता मांडीखाली असल्यासारखा वाटतो. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे चाकाखाली खडी आली की ती तळहाताला कळते. ही गाडी सुझुकीनं इथूनच युरोपात 'आल्टो' या नावानं विकली. 'झिरो इंजिन नॉइज' हा नावाचा अर्थ त्या काळात पोराबाळांनाही पाठ होता. २००३ मध्ये कंपनीनं तिच्या तीन दारांच्या 'कार्बन' आणि 'स्टील' अशा दोन आवृत्त्या मोजक्याच काढल्या. त्यांतली एखादी दिसली तर शौकीन माणूस रस्त्यात थांबतो. २००६ मध्ये ही झेन बंद झाली.

छोट्या गाडीचा वेग हा वळणावरचा वेग असतो, ही गोष्ट जगात फार आधी सिद्ध झालेली आहे. इंग्लंडमध्ये १९५९ साली निघालेल्या मिनी या टीचभर गाडीनं १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली जिंकली, तीही तिच्या दुपटीनं मोठ्या इंजिनांच्या गाड्यांसमोर. आपल्याकडे मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, जे दूध आणायला आणि पोरांना शाळेत सोडायला वापरलं गेलं, तेच कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी शर्यतीच्या एका आसनाच्या गाडीत बसवलं. त्या 'फॉर्म्युला मारुती'त हात बसलेल्या मुलांपैकी एक नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. मिस्त्रीला हे पोरानं सांगितलं. मिस्त्री थोडा वेळ काही बोलला नाही. मग शेडमागे पालापाचोळ्यात पडलेल्या एका ८०० च्या इंजिनवरची ताडपत्री त्यानं नीट करून ओढून घेतली.

मिस्त्री या धंद्यात आला १९८७ मध्ये, भुसावळच्या एका गॅरेजात, पाने पुसून देणारा पोरगा म्हणून. तेव्हा गॅरेजात येणाऱ्या गाड्या म्हणजे अ‍ॅम्बेसिडर, जीप आणि फियाट. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, पण लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या बाजूला. बीडाचा जाड ब्लॉक. ती गाडी चुका माफ करायची. मेमध्ये पेट्रोल नळीतच उकळून वाफ धरली की रस्त्याच्या कडेला थांबायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं, बिडी ओढायची, पुन्हा स्टार्ट. फडकं आणि पाण्याची बाटली ही त्या गाडीची हत्यारंच होती.

त्याच सवयीनं त्याच्या हातून पहिली मोठी चूक झाली. १९९५ चा उन्हाळा. एका डॉक्टरांची झेन भुसावळच्या रस्त्यावर उकळली आणि त्याला बोलावणं आलं. आठवड्यापूर्वी त्यानंच त्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकला होता. उन्हाळ्यात काढलेला बरा, असं तेव्हा सगळेच म्हणत. रस्त्यात त्यानं फडक्यानं रेडिएटरचं झाकण सोडवलं आणि विहिरीचं गार पाणी सरळ आत ओतलं. फियाटनं हे शंभरदा सोसलं होतं. झेनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडनं सोसलं नाही. हेड वाकलं, गॅस्केट उडालं, ऑइलमध्ये पाणी गेलं. डॉक्टर त्याला एक शब्दही वावगं बोलले नाहीत. हेड जळगावला लेथवर घासायला पाठवलं, आणि गॅस्केटचे व घासाईचे पैसे त्यानं स्वतःच्या मजुरीतून भरले. तीस वर्षं झाली, आजही त्याच्या गॅरेजात गरम इंजिनाचं झाकण कुणी उघडायला गेलं की त्याचा आवाज चढतो. थर्मोस्टॅट तो कुणालाही काढू देत नाही. इंजिन ठरल्या तापमानावर राहिलं पाहिजे, फार गार इंजिनही घासलं जातं, हे तो प्रत्येक नव्या पोराला बसवून सांगतो. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही तो दरवर्षी बदलायला लावतो. कुकरची शिट्टी जशी दाब धरते तसं ते झाकण दाब धरतं, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं तर खानदेशातल्या दुपारी उरलेली सगळी दुरुस्ती वाया.

चाकणच्या पोराची झेन सुरू करायला मिस्त्रीनं अजिबात घाई केली नाही. चार वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल्फ मारणं हा तिचा जीव घ्यायचा सोपा मार्ग. आधी टाकीतलं पेट्रोल काढलं. त्याला वार्निशसारखा वास येत होता आणि तळाशी गंज होता. मग चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून हातानं इंजिन फिरवून पाहिलं. ते पहिल्यांदा अडलं, मग जड जड फिरलं, मग मोकळं झालं. टायमिंग बेल्ट बोटांनी वाकवला तर आतल्या दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसल्या. नवा बेल्ट घातल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरलं. वॉटर पंप त्याच्याच मागे, म्हणून तोही आत्ताच बदलला. चाकांचे ब्रेक सिलिंडर जाम होते, क्लच प्लेट चिकटली होती. यातलं काहीही फोटोत दिसत नाही. पोरगा चाकणहून रोज फोटो मागायचा आणि मिस्त्री त्याला काळ्या हातांचे फोटो पाठवायचा.

कार्बोरेटरचं काम मात्र त्यानं पोरगा सुट्टीवर आला त्या रविवारसाठी राखून ठेवलं.

स्टीलच्या एका जुन्या ताटात पांढरं फडकं अंथरलं. कार्बोरेटर उघडला. फ्लोटच्या वाटीत तपकिरी गाळ, कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखं काहीतरी, आणि डायफ्रॅमचं रबर वाळून कडक झालेलं. एकेक स्क्रू ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं फडक्यावर मांडत गेला. मेन जेट हा पितळेचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मिस्त्रीनं तो चिमट्यात धरून आकाशाकडे केला आणि पोराला एक डोळा मिटून पाहायला लावलं. छिद्र अर्धं बुजलेलं होतं. पोरानं खिशातून तार काढली, तर मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं.

"तार नही. छिद्र केसभर मोठं झालं तरी गाडीचं अ‍ॅव्हरेज गेलं."

जेट रॉकेलमध्ये भिजवून ठेवला, तासाभरानं हवेच्या नळीनं फुंकला. पुन्हा आकाशाकडे. या वेळी गोल, स्वच्छ उजेडाचा ठिपका दिसला. पोरगा तो ठिपका कितीतरी वेळ पाहत होता. चाकणला त्याच्या कारखान्यात इंजिनाच्या खोक्याला संगणकाची वायर लावतात आणि पडद्यावर बिघाडाचा आकडा येतो. इथे बिघाड त्याच्या डोळ्यासमोर होता, दोन बोटांच्या चिमटीत.

हिरवट बुरशीवर मिस्त्रीचं बोलणं वाढलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून जुन्या गाड्यांत हे रोजचं झालंय. आता तर पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी रोज चालली तर फारसं बिघडत नाही, उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या आणि कार्बोरेटरच्या तळाशी बसतं. जुन्या नळ्यांचं रबर या पेट्रोलसाठी बनलेलंच नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं आणि आतून कण सोडतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या जेटवर इंजिनला मिश्रण पातळ मिळतं आणि ते जास्त तापतं. मिस्त्रीचा उपाय सरळ आहे: सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, फिल्टर दर तीन महिन्यांनी, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी वीस किलोमीटर चालवायची. तापलेल्या इंजिनचा प्लग काढून तो रंग पाहतो. बिस्किटाचा रंग असला तर मिश्रण बरोबर, काजळी असली तर पेट्रोल जास्त, चुन्यासारखा पांढरा असला तर कमी. इथेनॉलचा ऊस पिकवणारा शेतकरीच आहे आणि त्याच्याशी भांडण नाही, असं तो म्हणतो. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर साधं पेट्रोल घ्यायचीही सोय असायला हवी होती, हे त्याचं म्हणणं रास्त आहे.

सुट्या भागांसाठीची पायपीट हा या शौकाचा निम्मा भाग. मारुतीच्या गाड्यांचं बरं आहे. ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनत होती, तिचे आणि तिच्या भावंडांचे भाग जळगावच्या दुकानांत अजून निघतात. झेनचे इंजिनचे भाग मिळतात. मिळत नाहीत ते बाहेरचे: मागच्या दिव्याची काच, दाराचं हँडल, बंपरची क्लिप. पोराच्या झेनचा डावा मागचा दिवा फुटका होता. तो कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारबाजारात दोन शनिवार फिरला. पहिल्यांदा दिवा मिळाला तो नंतरच्या मॉडेलचा निघाला. दुसऱ्यांदा बरोबर मिळाला, टॉवेलात गुंडाळून रेल्वेत मांडीवर घेऊन तो भुसावळपर्यंत आला. जपानात मझ्दा कंपनीनं १९८९ च्या आपल्या एमएक्स-५ या दोन आसनी गाडीसाठी स्वतःच जुन्या गाड्या नव्या करून द्यायची आणि बंद झालेले भाग पुन्हा बनवायची योजना २०१७ मध्ये जाहीर केली. सावद्याला ती सोय म्हणजे मिस्त्री, एक लेथवाला आणि कुर्ल्याची फेरी.

गॅरेजात अशा चार-पाच गाड्या फिरून फिरून येतात. भुसावळच्या एका शिक्षकाची फियाट पालिओ आहे, १.६ लिटरची, २००१ मध्ये निघाली तेव्हा शंभर अश्वशक्तीची म्हणून गाजलेली. पेट्रोल ती अक्षरशः पिते आणि मास्तर पगाराच्या आठवड्यातच ती बाहेर काढतात, पण त्या गाडीच्या दाराचा जड 'धप्प' आवाज ऐकला की ती का विकवत नाही ते कळतं. फैजपूरकडच्या एका बागाईतदाराची जिप्सी आहे. आणि एक पद्मिनी. तिचे मालक ऐंशीच्या घरात आहेत. केळीच्या एका चांगल्या सालात, रोख पैसे मोजून घेतलेली. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली, ती बातमी त्यांनी कापून गाडीच्या कप्प्यात ठेवलीय. दसऱ्याला ते स्वतः गाडी चालवत पूजेला आणतात. मुलगा शेजारी बसतो, पण हात हँडब्रेकवर ठेवून.

गॅरेजचं गणित केळीच्या भावावर चालतं. रावेर-यावल पट्ट्यात भाव चांगला असला की लोकांना गाडी रंगवावीशी वाटते. जूनच्या वादळानं बागा आडव्या केल्या की अर्धवट उघडलेली इंजिनं सहा-सहा महिने शेडमध्ये पडून राहतात. मिस्त्री कुणाला तगादा लावत नाही. त्या गाड्यांवर तो चादर टाकतो आणि महिन्यातून एकदा इंजिन हातानं फिरवून ठेवतो, म्हणजे पिस्टन धरत नाहीत. त्याचे पैसे लावत नाही.

कागदांचा विषय निघाला की तो चष्मा लावतो. सावद्याची केळी ट्रकनं आणि रेल्वेनं दिल्लीला जाते. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यावर तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या, म्हणून इथल्या काहींना मोह झाला. त्यांतली एक गाडी आजही कागद अडकल्यामुळे गोठ्याशेजारी उभी आहे. मिस्त्री सांगतो, गाडी आवडली तरी आधी आरसी बुक पाहा. विकणाऱ्याचं नाव तेच आहे का, जुन्या कर्जाचा बोजा उतरलाय का, इंजिन आणि चेसिसचा नंबर जुळतो का. पेन्सिलीनं कागदावर चेसिसचा नंबर घासून घ्या आणि घरी बसून पडताळा. मग नमुना २९ आणि ३० वर सह्या. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते आणि पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं गेलं. पोराची गाडी जुलैतच जळगावला पास झाली, तेवढं वाचलं. पण या वाढीचा मिस्त्रीला राग आहे आणि तो लपवत नाही. धूर सोडणारी गाडी जरूर बंद करा, तपासून बंद करा. जी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते, जिचा धूर नियमात बसतो, जिच्यासाठी नवं लोखंड ओतावं लागत नाही, तिला नुसत्या वयाचा दंड कशाला?

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस ठरवलेला नव्हता. संध्याकाळची वेळ होती. तिसऱ्या सेल्फला इंजिननं धरलं, सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा निळा धूर निंबाच्या फांद्यांत गेला आणि दोन मिनिटांत विरला. मिस्त्रीनं कार्बोरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत स्लो बसवला. पोरानं रुपयाचं नाणं इंजिनच्या झाकणावर उभं केलं. ते उभं राहिलं. लोकांना हा खेळ माहीत आहे. मिस्त्रीनं नाण्याकडे पाहिलं नाही, त्याचा हात रेडिएटरच्या खालच्या नळीवर होता. नळी गार होती. मग एकाएकी गरम झाली. थर्मोस्टॅट उघडला.

डिकीचा तळ नव्या पत्र्यानं वेल्ड करून झाला, चाकाच्या कमानीतली लांबी खरवडून तिथेही पत्रा बसला, रंग मुद्दाम जुन्या पांढऱ्याशी जुळता, थोडा पिवळसर घेतला. सीटवरचे चिकाचे डाग काढायचे की कव्हर बदलायचं, यावर घरात चर्चा झाली. पोरानं ते तसेच ठेवले.

ऑगस्टमधल्या एका पहाटे दोघं गाडी घेऊन निघाले. सावद्याहून खिरोदा, तिथून पुढे पालच्या दिशेनं. खिरोद्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळी, पानांवरून पाणी ठिबकत होतं. मग केळी संपते, जमीन चढायला लागते, सातपुड्याची पहिली वळणं येतात. तिथे पोरानं दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं आणि गाडी मागे न ओढता, न झुकता वळली. इंजिनचा आवाज डोंगराला लागून परत येत होता. काही वेळानं मिस्त्रीनं गाडी थांबवायला सांगितली आणि जागा बदलून घेतल्या. अडतीस वर्षांत त्यानं शेकडो गाड्या रस्त्यावर पळवून पाहिल्या होत्या, पण त्या तपासायला, एक कान आवाजाकडे ठेवून. त्या दिवशी पालच्या अलीकडच्या चढावर त्यानं रेस दिली आणि तीन वळणं तो काहीच बोलला नाही. चौथ्यानंतर म्हणाला, "उजव्या पुढच्या चाकाचा बुश बोलतोय. तुले ऐकू येतं का?"

पोराला येत नव्हतं. परतीच्या वाटेत, काच खाली करून, भिंतीलगत गाडी हळू चालवल्यावर आलं.

परत आल्यावर गाडी निंबाखाली लागली. मिस्त्रीनं शेडमधून केळीच्या निर्यातीच्या खोक्याचा एक पुठ्ठा आणला, उलटा करून इंजिनखाली सरकवला आणि दोघं चहाला गेले. सकाळी पुठ्ठ्यावर ऑइलचा एकच थेंब होता, मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढा. मिस्त्री उकिडवा बसला, खिशातलं पेन काढून त्यानं थेंबाभोवती गोल केला, बाजूला तारीख घातली आणि पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला. पुढच्या महिन्यात गाडी आली की तोच पुठ्ठा पुन्हा खाली जाणार होता.